वखारीची पट्टी

कोळवाडी, पो. बोईसर
८ मार्च १९६६

चि. वामनास जमनाताईचे आशीर्वाद.

पत्र वाचून डोकं फिरवून घेऊ नकोस. पंचायतीनं गवताच्या वखारवाल्या सेठची पट्टी निम्मी केली. तो गावाला काम देतो म्हणे! तूट भरायला आमच्या मासळीच्या पाट्यांवर पट्टी बसवली. आईनं वसुलीच्या पुंजारामला विचारलं, की सेठला सूट नि माझ्या डोक्यावर का रं? त्यानं पाटी लाथेनं उडवली. आई बोंबील वेचायला वाकली, तर चपलेनं तिचा हात चिरडला. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी कोयता घेतला नि त्याचा गाल कानापर्यंत फाडला. मग बायांनी त्याला तुडवला. शिपाई आला म्हणून जगला. मला जामिनावर सोडलंय.

आईची बोटं आता वळत नाहीत. तू येऊ नकोस, नोकरी सांभाळ.

तुझ्यावर जीव असलेली,
ताई

वैतरणा
११ मार्च १९६६

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

रेल्वेच्या गँगमध्ये रुळांवर पहार मारताना मला आईचा हातच दिसतो. पुंजाराम चाकर, त्याला मारून काय होणार? घाव सेठवर घालीन. सुकं गवत, एक काडी पुरे. उद्या शनिवारी येतो. तू अडवलंस तरी ऐकणार नाही. आईला सांगू नकोस.

राग धरू नकोस, माया असू दे.
तुझा वामन

कोळवाडी
१६ मार्च १९६६

चि. वामनास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचायच्या आधीच तू काडी टाकून पळालास. भर दुपारी हमाल गासड्यांमागे आडवे झाले होते, हे तुला ठाऊक नव्हतं. दोघे बाहेर पडले. आपला शेजारी महादू पेटलेलाच धावत आला, नि माझ्यासमोर कोसळला. कातडी माझ्या हाताला चिकटून आली. पालघरला नेताना गाडीत गेला.

सेठचं नुकसान झालं म्हणून पंचायतीनं त्याची उरलेली पट्टीही माफ केली. हमालांचं काम मात्र बुडालं.

काल महादूची रखमा तान्ही पोर घेऊन दारात बसली. कोणी केलं, एवढंच विचारत होती. आईनं न सांगताच ओळखलं होतं, तिनं खुणेनं मला गप्प राहायला सांगितलं. माझ्यानं राहवलं नाही. मी तुझं नाव सांगितलं.

शिपाई निघाले असतील. त्यांच्याआधी हे पत्र पोचलं तर पळू नकोस, आपल्या पायांनी ठाण्यात जा. जिथं ठेवतील तिथं मी भाकरी घेऊन येईन.

तुझीच,
ताई