गाऊनला खिसा नसतो

स्प्रिंगफील्ड लेक्स, ब्रिस्बेन
१६ जानेवारी २०२२

प्रिय नीला,

हे पत्र हाताने लिहिते आहे आणि टपालाने पाठवते आहे. मेसेज केला असता तर बँकेच्या गडबडीत तू वरच्या दोन ओळी वाचल्या असत्यास आणि बाकीचं राहून गेलं असतं. फोन करायचं धैर्य नाही. तुझा चेहरा समोर असला की मी पुन्हा तेच सांगेन, जे आठ महिने सगळ्यांना सांगत आले आहे.

त्या फोटोपासूनच सुरुवात करते. एक मेच्या संध्याकाळी इथल्या बॉल कमिटीने, म्हणजे नाचाचा समारंभ भरवणाऱ्यांनी, फेसबुकवर टाकलेला. मी गर्द हिरव्या गाऊनमध्ये, कोपरापर्यंत पांढरे हातमोजे, खांदे उघडे, तोंडभर हसू. आईला जाऊन तेव्हा दोन तासही झाले नव्हते. तू मला मेसेज केलास, "ताई, फोटो पाहिला. छान दिसते आहेस." बास, एवढंच. शिव्या दिल्या असत्यास तर मी उलट काही बोलले तरी असते.

तुला माझ्या कामाबद्दल फारसं माहीत नाही, कारण आपल्या घरात ते कोणी कधी विचारलंच नाही. आई शेजारणींना सांगायची, "धाकटी बँकेत ऑफिसर आहे, मोठी परदेशात असते." म्हणजे तुझं काम सांगायचं आणि माझं गाव. एकोणिसाव्या वर्षी मला मुंबईला ड्रेस डिझाइनच्या कॉलेजला जायचं होतं. फॉर्म भरून ठेवला होता. आई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "शिवण मी शिकवते की. त्याला कॉलेज कशाला?" मग मी सहा वर्षं तिच्या शेजारी बसून आख्ख्या कर्वेनगरच्या ब्लाउजांना हूक लावले, आणि तू शेजारच्या खोलीत सीएचा अभ्यास केलास. तुझा त्यात काही दोष नव्हता हे मला कळतं. पण कळलं म्हणून सल गेला असं होत नाही.

इथे आल्यावर दत्तप्रसादची नोकरी आणि विहानची शाळा सुरू झाली, आणि मी गराजमध्ये मशीन मांडलं. आधी पँटी आखूड करणं, मग साड्यांचे ब्लाउज, आणि मग पॅट भेटली. पॅट अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. इप्सविचकडच्या एका जुन्या हॉलमध्ये दर वर्षी डेब बॉल होतो, तो ती चाळीस वर्षं भरवते आहे. डेब बॉल म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या मुलींना पांढऱ्या गाऊनमध्ये समाजापुढे सादर करायचं. लग्न नाही, पण तयारी लग्नाचीच. पूर्वी लंडनला मोठ्या घरच्या मुली राणीपुढे अशा उभ्या राहायच्या, डोक्यात पिसं, मागे लांबलचक शेपटा. राणीला पाठ दाखवायची नाही, म्हणून नमस्कार करून झाला की तो शेपटा सावरत उलट्या पावलांनी मागे यायचं. तिथली पद्धत साठेक वर्षांपूर्वी बंद झाली. इथल्या लहान गावांनी मात्र ती सोडली नाही. राणीच्या जागी आता कोणी नगरसेवक नाहीतर निवृत्त न्यायाधीश असतो, एवढंच.

हे मी आईला एकदा फोनवर सांगितलं होतं. ती म्हणाली, "आपण गाभाऱ्यातून निघतो तसंच की." माझ्या कामाबद्दल तिने काढलेलं तेवढं एक चांगलं वाक्य. पुढच्याच मिनिटाला म्हणाली, "पण एवढ्याशा पोरींना गाऊन घालून लोकांसमोर?" गाऊन म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे तोच आला असणार, घरात घालायचा, वर ओढणी टाकून दूधवाल्याला दार उघडायचा. मी समजावत बसले नाही.

पॅटने मला सगळं शिकवलं. किनार जमिनीपासून बोटभर वर, नाहीतर नाचताना टाचेखाली येते. खाली घेरासाठी कडी असेल तर बसताना मागची बाजू आधी हलकेच उचलायची, नाहीतर पुढून सगळा गाऊन वर येतो आणि मुलीला जन्मभर तोंड दाखवायला जागा राहत नाही. हातमोजे घालून खायचं नाही. पण लांब हातमोजे सारखे काढायचे कसे, तर त्यांना मनगटाशी फट ठेवून बारीक बटणं लावलेली असतात. बटणं सोडायची, तेवढा पंजा बाहेर काढायचा, मोज्याची बोटं आत दुमडून टाकायची. बाई जेवायला मोकळी. आणि खिसा. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी बायका घेरदार परकराखाली कमरेला कापडी खिसे बांधायच्या, वरच्या झग्याच्या बाजूला हात घालायला चीर असायची. मग झगे अंगासरशी झाले, खिसा दिसायला लागला, तो गेला आणि हातात इवलीशी पिशवी आली. तेव्हापासून बॉल गाऊनला खिसा नसतो. हे मी येणाऱ्या प्रत्येक मुलीला कौतुकाने सांगायचे.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सगळे बॉल रद्द झाले. एका बाईने आधीच आणून दिलेलं जाड हिरवं सॅटिन माझ्याकडेच राहिलं. "ठेवून घे, मी आता कुठे जाणार नाचायला," म्हणाली. दिवसभर मी मास्क शिवायचे आणि दुपारी चहानंतर तासभर ते सॅटिन घ्यायचे. कोणाच्या मापाने कापते आहे हे मी स्वतःशीही बोलले नाही. तयार झाल्यावर दत्तप्रसादने विचारलं, "कुठे घालणार आहेस?" मी म्हटलं, "कुठे नाही." तो गाऊन गराजमध्ये, कव्हर घालून, वर्षभर लटकत होता. मी चोपन्न वर्षांची. आजवर दुसऱ्यांच्या अंगावर जे बसवलं ते एकदा स्वतःच्या अंगावर बसतं का, एवढंच मला बघायचं होतं.

आता आईचं. ती एकवीस एप्रिलला ॲडमिट झाली. तू मला सांगितलंस अठ्ठावीसला. मधले सात दिवस मी विचारत होते आणि तू "साधा ताप आहे, झोपली आहे" म्हणत होतीस. सत्तावीसला इथल्या सरकारने भारतातून येणारी विमानं बंद केली, गेलेल्याला परतायची वाट उरली नाही, आणि दुसऱ्या दिवशी तू खरं सांगितलंस. मी आता येऊ शकणार नाही याची खात्री झाल्यावर सांगितलंस असं मला वाटलं, अजूनही वाटतं. आधी सांगितलं असतंस तरी इथून बाहेर पडायची परवानगी मिळायला दिवस लागले असते, हे मला माहीत आहे. पण ती मागायची संधी माझी होती, नीला. ती तू घेतलीस. तू एकटीने बेड शोधलास, एकटीने इंजेक्शनसाठी रांगा लावल्यास, हेही मला माहीत आहे. नंतर तू ते सगळ्या नातेवाइकांना सांगितलंस आणि सगळ्यांनी मला.

इथे तेव्हा करोना जवळजवळ नव्हताच. मास्कसुद्धा निघाले होते. लोक कॅफेत बसून भारतातल्या चितांचे फोटो बघायचे आणि मला विचारायचे, "युअर फॅमिली ओके?" मी म्हणायचे, ओके. एक मेला शनिवारी सकाळी तुझा मेसेज आला, "सॅच्युरेशन बहात्तर. डॉक्टर काही बोलत नाहीत." त्या दिवशी बॉल होता. एक वर्ष पुढे ढकललेला. बावीस मुलींचे गाऊन माझ्या हातचे होते आणि त्यांना मागून बांधायला मी लागणार होते. दत्तप्रसाद म्हणाला, "नको जाऊस." मी म्हटलं, "घरी बसून काय करू, भिंतीकडे बघू?" आणि डबा भरून, सुया-दोऱ्यांची पेटी घेऊन निघाले.

दुपारी पॅटचा फोन आला. तिला खोकला झाला होता, टेस्ट दिली होती, रिपोर्ट येईपर्यंत हॉलमध्ये पाऊल टाकता येणार नव्हतं. मुलींची नावं पुकारून त्यांना सादर करणारी बाई तीच असते, आणि त्या बाईलाही रीतीप्रमाणे पूर्ण गाऊन घालावा लागतो. ती म्हणाली, "मीना, यू नो द गर्ल्स. अँड यू'व्ह गॉट द फ्रॉक." मी नाही म्हणायला हवं होतं. माझी आई मरते आहे, असं म्हणता आलं असतं. मी एका दमात हो म्हटलं आणि विहानला गाऊन घेऊन यायला सांगितलं.

यापुढची गोष्ट तुला आणि सगळ्यांना मी अशी सांगितली: गाऊनला खिसा नसतो, म्हणून फोन ड्रेसिंग रूममध्ये राहिला, मी स्टेजवर होते, मला तुझे कॉल कळले नाहीत. परत येऊन बघते तर अकरा मिस्ड कॉल आणि तुझा एक शब्द, "गेली." ऐकणारा प्रत्येक जण हळहळला. इथल्या मंडळातल्या बायकांनी तर माझी पाठ थोपटली.

खरं असं झालं. सात वाजून वीस मिनिटं झाली होती. मुली दाराशी ओळीने उभ्या होत्या, आतून पियानो सुरू झाला होता. फोन माझ्यासमोर टेबलावर होता. तो वाजला. तुझा व्हिडिओ कॉल. पुण्यात तेव्हा तीन वाजायला आले होते आणि या वेळी तू कॉल करतेस म्हणजे तो कसला हे मला त्याच क्षणी कळलं. आयसीयूतली नर्स फोन धरणार आहे, दोघींना एकदम जोडायचं, हे तूच आदल्या दिवशी लिहिलं होतंस. हातमोज्यात फोन चालत नाही. मी उजव्या मनगटाची तीन बटणं सोडली. पंजा बाहेर काढला. आणि त्या मोकळ्या बोटांनी फोन सायलेंट केला, पालथा घातला, वर पांढऱ्या जाळीचा उरलेला तुकडा टाकला. मग बटणं पुन्हा लावली. तिन्ही. एकीकडे एक मुलगी विचारत होती, "मीना, इज माय बो स्ट्रेट?" आणि मी म्हटलं, "परफेक्ट."

आईला तसं नळ्यांमध्ये बघवलं नसतं, असं मी म्हणू शकते. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं हे की तो कॉल घेतला असता तर गाऊन उतरवावा लागला असता, आणि मला तो उतरवायचा नव्हता. जन्मभर जे जे माझ्या हातात आलं ते आईने मान वर न करता बाजूला ठेवलं. मला वाटलं, आज नाही. नुसती वीस मिनिटं. मी बाहेर गेले, बावीस मुलींची नावं एकही न चुकता घेतली. प्रत्येक जण माझ्याकडे बघत होता. आणि नीला, त्या वीस मिनिटांत मी सुखात होते. फोटोतलं हसू उसनं नाही. तू तिथे एकटीने आईला काय सांगितलंस, ती माझं नाव घेत होती का, मी कधी विचारलं नाही. विचारायचा हक्क मी त्या जाळीखाली ठेवून आले होते.

हे सगळं आताच का लिहिते आहे, तर तुझा नव्या वर्षाचा मेसेज. तुझ्या निहारिकाला इथल्या युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळाली, फेब्रुवारीत येईल, तुझ्याकडे राहील ना, असं तू विचारलंस. आणि खाली लिहिलंस, "आईचं आता मी मनातून काढून टाकलं आहे. तुझ्याजवळ फोनच नव्हता, त्यात तुझी काय चूक." तो मेसेज वाचून दत्तप्रसादचे डोळे भरून आले. मी त्यालाही खरं सांगितलेलं नाही, आज रात्री जेवताना सांगणार आहे. खोली आहे, पूर्वेची, खिडकीतून तळं दिसतं. पुढच्या आठवड्यात इथली सीमा उघडते आहे. मला मुलगी नाही, आणि निहारिका या घरात वावरली तर मला काय वाटेल हे लिहून मी तुला गळ घालणार नाही. पण रोज तिच्या ताटात वाढताना, तिची आई ज्या बाईला माफ करून बसली आहे ती मी नव्हेच, हे मला पेलणार नाही. तू माफ केलंस ते एका खोट्याला. आता खरं तुझ्या हातात आहे. ते वाच, हवं तर निहारिकालाही वाचायला दे, आणि मग तिला पाठवायचं की नाही ते ठरव. नाही म्हणालीस तर कारण लिहू नकोस. हो म्हणालीस तरी लिहू नकोस, नुसता फ्लाइट नंबर कळव. मी एअरपोर्टवर असेन.

तुझीच, अजून तसं म्हणू देत असशील तर,
मीनाताई