पस्तीस पुरुष पाणी

राजाजीनगर, बेंगळूर
मंगळवार, ता. १८ फेब्रुवारी १९९७

चि. सुशांत यास अज्जीचे पोटभर आशीर्वाद.

इथं सगळे बरे. माझं गुडघ्याचं रडगाणं तुला पाठ आहे, म्हणून लिहीत नाही. अंदमानात भात तरी मऊ मिळतो का?

तुझा फोटो बघून मी एवढी हसले रे पुट्टा! पाठीवर टाकी, तोंडात नळी. थेट आपला गॅसवाला, सिलिंडर घेऊन जिना चढणारा! शेजारच्या अनुषाला दाखवला, फुलवाल्या अक्काला दाखवला. तुझ्या बाबाला मात्र नाही. कसा दाखवणार? तुझ्या बोम्मसंद्र्याच्या कंपनीनं तुला मद्रासला ट्रेनिंगला पाठवलंय, असं मी त्याला सांगितलंय. तूच शिकवलंस तसं, देवासमोर माझा हात धरून वचन घेतलंस. तो विचारतो, कसलं ट्रेनिंग? मी म्हणते, मशीनचं. कसल्या मशीनचं? मोठ्या. आता त्याच्या दुकानात मद्रासचं गिऱ्हाईक आलं म्हटलं तरी मी स्वयंपाकघरात पळते. खोटं एकच असतं तर निभावलं असतं. त्याला पिल्लं होतात.

अक्षर गिचमिड आहे, समजून घे. तिसरीपर्यंतच शाळा माझी. म्हणून तर सही मागितलीस तेव्हा हरखले. "डायव्हिंग क्लबाला घरच्या एकाची सही लागते, अज्जी, बाकी काही नाही." कागद इंग्रजी, पण नाव मी ऐटीत लिहिलं, उकार चांगला ठसठशीत.

शनिवारी विनोदकुमार आला होता. तुझा पाण्यातला जोडीदार, म्हणून मी त्याला वांगीभात वाढला. डावा हात वर होईना त्याचा. पडलास का रे म्हटलं, तर भात चिवडत बसला. मग हळूहळू सगळं निघालं.

"टाकीत साधी हवाच असते अज्जी, आपण घेतो तीच. पण फार खोल गेलं की तीच चढते. दारूसारखी."

"हवा चढते?"

"सुशांतला चढली. मी अंगठा दाखवला..."

आमच्यात अंगठा दाखवला म्हणजे फसवलं. तुमच्यात म्हणे, वर चल. तू हसलास, त्यालाच अंगठा दाखवलास आणि आणखी खाली गेलास. त्यानं पट्टा धरून ओढलं तर लाथ मारलीस. तुला घेऊन तो घाईघाईनं वर आला, तसं आलं की म्हणे सांध्यात हवेचे बुडबुडे धरतात; त्याचं बक्षीस तो खांदा. वर्षभर पाणी बंद म्हणालेत डॉक्टर. आणि तुला यातलं काही आठवतच नाही! उलट त्यालाच म्हणालास, भित्र्या, माझा विक्रम घालवलास.

आता दोन मार्चला दोनशे फूट. फोनवर किती खोल विचारलं तर म्हणतोस, "स्वल्पच, अज्जी." मी विहिरीच्या काळातली बाई. आम्ही पाणी पुरुषांनी मोजायचो, माणसावर माणूस उभा करून. पाच पुरुष पाणी असलं तरी पोरींना काठावर जाऊ देत नसत. तुझे दोनशे फूट म्हणजे पस्तीस पुरुष. पस्तीस माणसं एकाच्या डोक्यावर एक, आणि सगळ्यांत खाली, हसत, तू.

विनोद गेल्यावर तुझ्या कपाटातली त्या कागदाची प्रत काढली. अनुषानं वाचून कन्नडात सांगितलं, "जवाब्दारी अवरदे, अज्जी." जीव गेला तरी जबाबदारी ज्याची त्याची, आणि घरच्यांना हे मान्य आहे. खाली मी. शब्द आपलाच निघाला, मराठीत काय नि कन्नडात काय. पण मला सांग, जबाबदारी म्हणजे जबाब द्यायचा ना? तू तळाशी राहिलास तर जबाब कसा देशील? विनोदनं खांद्यानं दिला. पुढचा माझ्याकडे मागतील.

दोन दिवस घरात कोंडल्यासारखी फिरले. सांगितलं तर वचन जातं, तू पुन्हा माझं तोंड बघणार नाहीस. नाही सांगितलं तर... सारात मीठ दोनदा पडलं.

काल दुपारी जेवताना तुझा बाबा म्हणाला, "ट्रेनिंग संपत आलं असेल ना, अम्मा?" आणि मी सांगून टाकलं. सगळं. तो ओरडला नाही रे. ओरडला असता तर बरं झालं असतं. घास ताटात ठेवून म्हणाला, "तो कागद आधी माझ्याकडे आला होता. मी फाडला. मला वाटलं, विषय संपला."

हे तू मला सांगितलं नव्हतंस, पुट्टा.

"सरी, बरं," म्हणाला, हात धुतला आणि अंदमानच्या बोटीच्या तिकिटाला गेला.

हे पत्र पोस्टानं आलेलं नाही, हे तुला कळलंच असेल. ते घेऊन समोर उभा आहे त्याला बोट लागली असणार, आधी बसव, लिंबूपाणी दे, मग भांड. तो तुला अडवणार नाही. पोरगा मोठा झाला, म्हणतो. नुसता तुमच्या होडीत येऊन बसणार आहे. पण त्याला पोहता येत नाही, आणि तू वेळेवर वर आला नाहीस तर तो होडीत बसून राहणार नाही. मी ओळखते त्याला. मी वाढवलंय.

दोघांनाही पाण्यावर पाठवून इथं बसलेली, वचन मोडलेली,
तुझी अज्जी
तुंगाबाई