जीपची मागची पायरी

॥ श्री ॥

आमखेडी, ता. सोयगाव
४ एप्रिल १९८२

चि. अनंतास अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पाडव्याचं पत्र पोचलं. निवृत्त होऊन वर्ष झालं नाही तोच लिलावातून जुनी जीप उचलून अंगणात आणलीस, आणि आता तुळशीला ऊन मिळत नाही म्हणून उमा कुरकुरते, हे वाचून मी एकटीच हसले. लहानपणी बाबांचं घड्याळ उघडून बसला होतास. ते पुन्हा जोडायला दोन सुट्ट्या गेल्या होत्या.

पण आज चेष्टेसाठी लिहीत नाही. शेजारच्या भागूबाईची सून सरू तुला आठवत असेल. दिवाळीत तुला धपाटे करून घालणारी. तिला पाचवा महिना लागलाय. आधीची दोन्ही बाळंतपणं पावसाळ्यातच आली. तिची कंबर अरुंद. घरात सुईणीच्या हातून मोकळी होणारी ती बाई नव्हे, आणि माझ्यासारख्या जुन्या नर्सच्याही हातातलं ते काम नव्हे. तिला सोयगावच्या डॉक्टरीणबाईच हव्यात, आणि मधे नदी. पहिल्या वेळी बैल पाण्यात शिरेनात म्हणून दिवसभर गाडी काठावर थांबली. दुसऱ्या वेळी चौघांनी तिला बाजेसकट खांद्यावरून पार नेलं, पण फार उशिरा. दोन्ही मुलं गेली. आधीच सोयगावला नेऊन ठेवावं तर तिथं त्यांचं कुणी नाही, आणि बिनदुखण्याच्या बाईला दवाखान्यात महिनाभर ठेवून घेत नाहीत.

ऑगस्टअखेरीस तिचे दिवस भरतात. तुझी जीप मांडीएवढ्या पाण्यातून पार होईल अशी करता येईल का? तिचा नवरा कारभारी ट्रॅक्टर चालवतो, जीपही शिकेल. पावसाळ्यापुरती दे. नाही म्हणालास तरी मी रागावणार नाही, पण नाही म्हणू नकोस.

उमाला आशीर्वाद सांग. माया आहेच, ती पत्रातून कळवत जा.

तुझी अक्का
अंबिका

औरंगाबाद
९ मे १९८२

ती. अक्कास अनंताचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी कामाला लागलो. शहागंजातला मदार उस्ताद रोज सकाळी येतो. तो आणि मी जीपखाली, आणि उमा चहाचे कप घेऊन वाकून आम्हाला शोधत असते. मोलकरीण साळूबाई तर म्हणते की, सायबांचे पायच तेवढे बघायला मिळत्यात, तोंड काही दिसत नाय.

आता काय काय केलं ते ऐक. चारही चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे उतरवून त्यांत एकेक जाड पाटा वाढवला, कमानी नव्यानं वाकवून घेतल्या आणि खोल नक्षीचे मोठे टायर बसवले. गाडी चांगली वीतभर वर उठली. इंजिनाला लागणारी हवा आता समोरच्या काचेच्याही वर नेलेल्या लोखंडी नळीतून येते. ही नळी जुन्या बाजारात तीन दिवस हिंडून मिळवली. सायलेन्सरचं तोंड मागून उंच वळवलं. ठिणगी देणारा भाग ओला झाला की इंजिन मरतं, म्हणून त्याला ग्रीस फासून वर सायकलच्या ट्यूबचं टोपण चढवलं. पाण्यात शिरण्याआधी पंख्याचा पट्टा उतरवायचा, नाहीतर पंखाच पाणी उडवून घात करतो. हे कारभारीला मी दहा वेळा सांगणार आहे.

परवा दगडाच्या खाणीतल्या डबक्यात गाडी घातली. पाणी माझ्या कंबरेला होतं. या टोकाकडून त्या टोकाला गेलो आणि परत आलो. इंजिनानं एकदाही आचका दिला नाही. उस्ताद म्हणाला की साब, अब इसकू पानी का डर नक्को. मी मात्र काठावर आल्यावर बराच वेळ स्टिअरिंग धरून नुसता बसून राहिलो. त्याला वाटलं, काही बिघडलं.

उमा म्हणते, ही जीप राहिली नाही, हत्तीची अंबारी झाली. मी ते कौतुक समजून घेतलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी घेऊन येतो. सरूला सांग, या खेपेला नदी आडवी येणार नाही.

तुझ्या आशीर्वादाचा हात डोक्यावर आहेच, तो काढू नकोस.

तुझा
अनंत

आमखेडी
१२ जून १९८२

चि. अनंतास आशीर्वाद.

तू परवा बारीकसारीक कामं उरकायला गाडी परत घेऊन गेलास, पण गावातलं बोलणं अजून तुझ्याच गाडीवर चाललंय. देवळापुढं बॉनेट उघडून तू कारभारीला आणि दहाबारा बाप्यांना तासभर सगळं समजावून सांगत होतास. गळ्यात हार होता आणि चेहरा मुंजीतल्यासारखा. म्हणून तेव्हा बोलले नाही. पण त्याच तासात गाडीच्या मागच्या अंगाला जे झालं ते तू पाहिलं नाहीस, ते कळवते.

सरू हळदकुंकू घेऊन आली होती. गाडीला कुंकू लावून झाल्यावर भागूबाई तिला म्हणाली की, एकदा बसून तर बघ. तिनं लोखंडी दांडी धरली, पाय उचलला. अनंता, गाडीचा तळ तिच्या कंबरेशी येतो. लुगडं गुडघ्यात आवळलं, सातव्या महिन्याचं पोट पत्र्याला टेकलं आणि ती मागं आली. दुसऱ्यांदाही तसंच. मग दोन बाप्ये उचलून द्यायला पुढं झाले, तशी ती पदर ओढून घरी निघून गेली. संध्याकाळी मला म्हणाली की, बाई, गाडी लई चांगली हाय, पन ती माझ्यासाठी नाय. मी आपली बैलगाडीतच जाईन.

ती कळा देत असताना तिला कोण आणि कसं चढवणार? तू नदीचं माप घेतलंस, तिचं घ्यायचं राहून गेलं. उंची कमी केलीस तर पाणी आत येईल, हेही मला कळतं. यावर काय करायचं ते तुलाच सुचेल. मी फक्त जे दिसलं ते सांगितलं.

रागावलास तरी चालेल, पण आठवडाभरच राग. दिवस थोडे आहेत.

तुझी अक्का
अंबिका

औरंगाबाद
२ जुलै १९८२

ती. वन्संना उमाचा सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राला यांनी उत्तर दिलं नाही म्हणून मी लिहिते. पत्र वाचून चार दिवस ते जीपकडे फिरकले नाहीत. उस्ताद आला तर त्याला परत पाठवलं. पाचव्या दिवशी सकाळी मला अंगणात हाक मारली आणि म्हणाले की, उमा, जरा गाडीत चढून दाखव. मला चढता आलं नाही. मग आत गेले आणि गव्हाची पिशवी घेऊन आले. आठ किलो असेल. ती त्यांनी जुन्या पातळानं माझ्या पोटाशी बांधली.

वन्सं, तुम्ही हसाल. गेले दोन आठवडे मी रोज सकाळी पोटावर गहू बांधून जीपमध्ये चढते आणि उतरते. शेजारच्या बायका भिंतीवरून बघतात. हे खाली बसून माझं पाऊल कुठवर उचलतं ते बघतात आणि पत्र्यावर खडूनं खुणा करतात. पहिली पायरी फार वर झाली, दुसरी डुगडुगत होती. आता मागची फळी खाली पडते, तिच्याखाली दोन पायऱ्या उलगडतात, आणि पाण्यात दगडाला अडकू नयेत म्हणून परत वर दुमडतात. दोन्ही बाजूंना धरायला मुठी आहेत. आतली बाकं काढून टाकलीत, तिथं पाय कापलेली बाज घट्ट बसते. काल मी कुणाचा हात न धरता चढले आणि बाजेवर आडवीसुद्धा झाले.

हे खाली खडू घेऊन उभे होते. मी वरून बघितलं तर चेहरा कसातरीच झाला होता. काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि मग हात धुवायचेत म्हणून नळावर निघून गेले.

मला ठाऊक आहे काय विचारायचं होतं. पंचावन्न साली आम्ही पैठणच्या वरच्या अंगाला सर्वेच्या कॅम्पवर होतो. मला आठवा संपत आलेला. दुखायला लागलं तशी यांनी खात्याची जीप काढली. मधल्या नाल्यात इंजिनात पाणी जाऊन ती बंद पडली. हे कंबरेएवढ्या पाण्यात उभे राहून दोन तास हँडल मारत होते, हाताची सालं निघाली. पैठणला पोचलो तेव्हा दवाखान्यात सांगितलं की मूल गेलेलं आहे. त्यानंतर आम्हाला दुसरं झालं नाही, आणि त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. आता कळतं की ही जीप एवढी उंच का झाली.

पण एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. त्या दिवशी सकाळपासूनच पोटातली हालचाल थांबली होती. आम्ही निघण्याच्या कितीतरी आधी. मला कळलं होतं, आणि ते खरं असू नये म्हणून मी बोलले नाही. जीपमध्ये मागं मी एकटीच होते. हे पुढं, इंजिनात डोकं घातलेले. नंतर सगळे जीपला दोष देऊ लागले, तेव्हा मला वाटलं की देऊ देत, लोखंडाला काय लागतं. पण यांनी तो दोष जीपवर ठेवलाच नाही, स्वतःवर घेतला, हे मला आत्ता, खडूच्या खुणा बघताना उमगलं. सत्तावीस वर्षं मी ते त्यांच्यावर राहू दिलं. आता कुठल्या तोंडानं सांगू?

तुमच्याशिवाय विचारणार कुणाला. धाकटीचं चुकलं असेल तर पदरात घ्या.

आपली
उमा

आमखेडी
१० जुलै १९८२

चि. सौ. उमास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि ट्रंकेत खाली ठेवून दिलं. तुझं काही चुकलेलं नाही. पंचवीस वर्षांच्या पोरीनं एकटीनं हे सोसलं, आणि मी नर्स असून, त्याची बहीण असून मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. चुकलंच असेल तर माझं.

मी अनंताला काही सांगणार नाही. ते तुझं आहे. पण आत्ता लगेच सांगू नकोस, त्याला अजून नदीतून गाडी काढायची आहे. आणि मुद्दाम विषयही काढू नकोस. तो एक दिवस विचारेल. विचारेल तेव्हा मात्र लपवू नकोस, त्याचं मन राखायला म्हणूनसुद्धा नाही.

गाडी आली की सरूला चढवून बघेन आणि कळवेन. तुझ्या गव्हाच्या पिशवीची गोष्ट तिला सांगितली, तर बिचारी खूप दिवसांनी हसली. म्हणाली की, शहरातली बाई माझ्यापायी असं करती व्हय.

तब्येतीची हेळसांड करू नकोस, आणि या म्हातारीवर लोभ ठेव.

तुझी
अंबिकावन्सं

सोयगाव
२९ ऑगस्ट १९८२

सौ. उमास अनंताचे आशीर्वाद.

चतुर्थीच्या आधीच इकडं येऊन बसलो. गणपती आणि महालक्ष्म्यांचा सगळा पसारा तुला एकटीला आवरावा लागला, याची जाणीव आहे. पण कळवायला आनंद होतो की सरूला शुक्रवारी मुलगी झाली. पोट उघडून काढावी लागली, पण दोघी सुखरूप आहेत. भागूबाई कालपासून तक्रार करतेय की पोरीच्या दुपट्याला ग्रीसचा वास येतो. तो तिच्या बापाच्या हातांचा.

तो दिवस तुला नीट सांगतो. दुपारी कळा सुरू झाल्या. नदीला मांडीच्या वर पाणी होतं, गढूळ आणि ओढ असलेलं. सरू तुझ्या पायऱ्यांवरून आपली आपण चढली. कुणी हात लावला नाही. कारभारी दीड महिना गाडी शिकलाय, चांगली चालवतो, म्हणून तोच स्टिअरिंगवर बसला होता. मी पंख्याचा पट्टा उतरवून वर पाहिलं तर तो नदीकडं टक लावून बसला होता. बायको मागं कण्हत होती आणि त्याची मान वळत नव्हती. ती मान मी ओळखली. मी त्याला म्हणालो की खाली उतर, गाडी मी काढतो, तू मागं जाऊन तिच्यापाशी बस. भागूबाईनं कपाळाला हात लावला, बाप्यानं असल्या वेळी बायकोजवळ बसायची तिच्याकडं रीत नाही. अक्कानं सरकून त्याच्यासाठी जागा केली.

पाण्याच्या तोंडाशी मी गिअर टाकला. गाडी घातली. मधोमध गेल्यावर पाणी दारापर्यंत चढलं, पण इंजिन चालू राहिलं. एकदाही थांबलं नाही. इतकी वर्षं मला वाटायचं की तो आवाज न थांबता ऐकू आला की माझ्या जिवाला बरं वाटेल. पण उमा, मी तो आवाज ऐकतच नव्हतो. मी मागचं ऐकत होतो. सरू एकसारखी बोलत होती. इथं दुखतंय म्हणत होती, कारभारीला शिव्या देत होती, आणि मधेच म्हणाली की, हलतंय अजून, हात ठेव, हितं. त्यानं हात ठेवला असावा, कारण तिच्या शिव्या थांबल्या. मग तो मला मोठ्यानं म्हणाला की, सायेब, हलतंय.

पलीकडं लागल्यावर दवाखान्यापर्यंतचा रस्ता मला नीट आठवत नाही. माझ्या डोक्यात एकच होतं की त्या दिवशी तूही मागं होतीस. तुलाही काही सांगायचं असेल, आणि ते ऐकायला तिथं कुणी नव्हतं. मी पुढं होतो, पाण्याकडं बघत. नंतर पैठणच्या दवाखान्यात, आणि त्याच्याही नंतर, मला हजार वेळा इंजिन आठवलं. तुला काय झालं होतं, हे मी एकदाही विचारलं नाही. अंगणात खडू घेऊन उभा होतो तेव्हा विचारणार होतो, पण धीर झाला नाही.

जीप आता इथंच राहील, कारभारीकडं. पावसाळ्यापुरती नाही, कायमची. मी बुधवारच्या एसटीनं येतो. आल्यावर चहा वगैरे काही करू नकोस. माझ्याजवळ बस आणि तो दिवस मला सकाळपासून सांग. काय निघेल ते निघो. मी मधे बोलणार नाही.

तुझा
अनंत