हॉल्टनंतर

२१ सप्टेंबर
सरांचा निरोप आला म्हणून गेलो, नाहीतर त्या हॉलचं तोंड बघणार नव्हतो. तलवारबाजीच्या राज्य स्पर्धेत हरलो, समोरच्याशी हात मिळवला नाही, पंचाला जे बोललो ते इथे लिहीत नाही. काळं कार्ड. वर्षभर बंदी. कॉलेज त्याआधीच सुटलेलं, एस.वाय. अर्ध्यावर, प्राध्यापकाची कॉलर धरली म्हणून. आता वालीवच्या गाळ्यात खिडक्यांचे ग्रिल जोडतो.

सर म्हणाले, "बंदी खेळायला आहे. उभं राहायला नाही."

हॉलमधल्या तनुजाची ज्युनिअर एशियन स्पर्धेला निवड झालीय, एपी या तलवारीच्या प्रकारात. पण डावखुरी समोर आली की तिचं डोकं बंद पडतं. नॅशनलला दोन्ही वेळा डावखुरीकडूनच हरली. आमच्या हॉलमध्ये एकही डावखुरा नाही.

"तू डाव्या हाताने शीक. ती जाईपर्यंत तिच्यासमोर उभा राहा."
"म्हणजे मी बुजगावणं."
"हो."

सरळ हो म्हणाले. मी उठून निघालो, स्टॉपपर्यंत शिव्या घालत. बस आली, गेली. परत जाऊन विचारलं, किती वाजता यायचं.

इथून पुढे तिला त. लिहिणार. आई वही चाळते.

२४ सप्टेंबर
सरांचा हुकूम, सगळं डाव्याने करायचं. ब्रश, कुलूप, स्क्रू, जेवण. आज घरात आजोबांचं पान होतं. मी डाव्याने वरणभात कालवायला घेतला तर आईने ताटच ओढलं. "आज तरी नको रे. पितर बघतात."

बाबा म्हणाले, "बघू देत. कॉलेज सोडलं, आता उजवा हात सोडला. उद्या घर सोडेल."

म्हटलं, उद्या कशाला, आत्ताच. उठलो. आई कावळ्याचं पान घेऊन गच्चीत गेलेली. तुळिंजचे कावळे हुशार, दार उघडायच्या आधी कठड्यावर रांगेत. एकाने लगेच पान उष्टं केलं, म्हणजे आजोबांची तक्रार नाही. भूक लागली होती. जिन्यातूनच मागे फिरलो.

हे डाव्यानेच लिहिलंय. कोंबडी शाईत नाचल्यासारखं.

२८ सप्टेंबर
माझ्या तलवारीची नेहमीची मूठ डाव्या हातात बसतच नाही, बोटांच्या खाचा उलट्या. सरांनी अडगळीतून सरळ मुठीची जुनी एपी काढली. डाव्या हाताचा ग्लव्ह नाही. गाळ्यातला वेल्डिंगचा आणला. त. बघून हसत सुटली. "पापलेट तळायला आलायस का?"

पंधरापैकी एक गुण मला. तोही ती घसरली म्हणून.

टोक लागलं की दिवे लागणारा बॉक्स बंदच आहे, त्यामुळे सरांचा जुना नियम चालू: ज्याला टोक लागलं त्याने हात वर करून सांगायचं. मारणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. याच नियमापायी मी किती वेळा हॉल झाडलाय. मला राहवतच नाही, लागलं लागलं म्हणून मी ओरडतो. त.चं उलट. मला वाटतं माझं टोक हुकलं, तर ती हात वर करून उभी. "बाही घासली. तुझा."

असं कुणी असतं का.

४ ऑक्टोबर
आज मनगट. खरंखुरं, तिच्या मुठीवरच्या वाटीच्या आतल्या बाजूने. हात वर करताना ती हसत होती. "आला रे तुझा डावा."

सुटल्यावर तिच्याबरोबर उमराळ्याला गेलो, तिच्या वाडीत. तिचे बाबा सोनचाफा उतरवत होते. मी त्यांना काका म्हणतो. दादरचा माल पहाटे जातो, हा घरचा उरलेला. काकांनी ओंजळभर दिला. "आईला दे. तुळिंजला कुठला चाफा?" विहिरीजवळ त. पावलं करत होती, पुढे दोन, मागे एक, केळीच्या दोन ओळींमधून. तिथेच शिकली ती. वाफा बरोबर पिस्टच्या, म्हणजे खेळायच्या पट्टीच्या, रुंदीचा आहे म्हणे.

बोलायचं होतं. एवढा मी भांडखोर, नि एक वाक्य निघत नाही.

आईला चाफा दिला. कुठून आणला, तिने विचारलं नाही. म्हणजे वही वाचलीय.

११ ऑक्टोबर
त. कॅम्पला गेली, पतियाळा. ती नाही तर मी कुणासमोर उभा राहू? गाळ्यात लोखंडी चौकटीला टेनिसचा बॉल टांगलाय. जेवणाच्या सुट्टीत सळीने भोसकतो. शेठ बघून गेला, म्हणाला, "पागल है, लेकिन टाइम पे आता है."

बॉल मनगटासारखा हलतो. डावा हात आता विचारत नाही, जातो.

२५ ऑक्टोबर
आली. काळवंडलीय, खांदे रुंद झालेत. उजव्या हातात स्टीलचं कडं.

"हे काय?"
"हरप्रीतने दिलं. फॉइल तलवारीच्या टीममध्ये आहे. चांगलाय रे, भेटशील तर आवडेल तुला."

मला आवडेल. मला.

तिथलं सगळं सांगत होती. सकाळी धुकं, दुधाचे पेले, हरप्रीत हे म्हणतो, हरप्रीत ते म्हणतो. मी ग्लव्हचे टाके बघत होतो. मग विचारते, "तू एवढा गप्प कधीपासून?"

२६ ऑक्टोबर
लिहितो.

तिने कडं काढून बाकावर ठेवलं, तिच्या पाण्याच्या बाटलीत अडकवून. पूर्ण वेळ माझ्या समोरच. पहिले चार तिचे. पाचव्याला सर "हॉल्ट" म्हणाले, खेळ थांबवला, शिपाई किल्ली मागायला दारात आला होता. सर तिकडे वळले. त.ने टोक खाली केलं, डाव्या हाताने मास्क सारखा करत होती.

ऐकलं होतं मी. हॉल्ट ऐकलं होतं. हात गेला असं लिहिणार होतो. हात गेला नाही, मी मारला. पूर्ण लंज, पुढचा पाय झोकून, अंगातलं सगळं लावून. पातं कमानीसारखं वाकलं. टोक वाटीच्या कडेवरून घसरून अंगठ्याच्या मुळात.

ती ओरडली नाही. एपी पडली, ती तिने डाव्या हाताने उचलली. मग सरांनी मान वळवली आणि तिने हात वर केला.

"कुणाचा?"
"त्याचा सर. चांगला होता."

सरांनी गुण दिला.

२७ ऑक्टोबर
ग्लव्ह घालूनच आली. काढायला लावला मी, जिन्याखाली. अंगठ्याचं मूळ जांभळं, तळहातापर्यंत सूज. वर चिकटपट्ट्या, तिनेच बांधलेल्या, दातांनी तोडून.

"डॉक्टरकडे चल."
"फोटो काढला तर दिसेल."
"दिसू दे की."
"दिसलं तर मी घरी. नागपूरची राखीव बसलीय बॅग भरून. कळतंय का तुला?"

माफी मागितली. म्हणाली, ती तुझ्याकडे ठेव. मग म्हणाली, "मला लागलं, मी सांगितलं. गुण मिळाला तुला. मारणाऱ्याने तोंड उघडायचं नाही."

कडं दिसलं नाही.

२९ ऑक्टोबर
आज मी तिला हरवलं. डाव्याने. तिच्या पात्याला माझं पातं टेकलं की तिचं टोक गळतं, मूठ धरवतच नाही तिला. सरांना वाटलं मी सुधारलो. सगळ्यांसमोर पाठीवर हात ठेवला. "याला म्हणतात मेहनत. बघा रे."

दोन वर्षांत पहिल्यांदा पाठीवर हात. बुटाची नाडी बांधायला वाकलो, सुटलेली नव्हती.

अशीच गेली तर तिकडच्या पोरी फाडतील. आणि त्या हातावर आणखी एक बसला तर? एपीत हात हेच पहिलं निशाण. डावखुरी तर तिथेच मारणार, मीच महिनाभर तिला दाखवतोय कसं मारतात ते. अंगठा कायमचा गेला तर ती खेळणार कशी, चाफा तरी खुडणार कशी. नाही गेली तर हे वर्ष गेलं, पुढच्या वर्षी वयाची मर्यादा ओलांडते. दोन्हीकडे मीच.

तिला म्हटलं, सरांना सांगतो. ती म्हणाली, "सांग. मी म्हणेन खोटं बोलतोय. काळं कार्ड कुणाला मिळालंय, मला की तुला?"

३१ ऑक्टोबर
सांगितलं.

हॉल उघडायच्या आधी, सर दिवे लावत होते. हॉल्टनंतर मारलं, अंगठा गेलाय, फोटो काढायला पाठवा. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग ती आल्यावर समोर बोलावली.

"हा काय म्हणतोय?"
"काय म्हणतोय?"
"हॉल्टनंतर मारलं तुला."
"आधी होतं सर. मीच हात वर केला ना."
"ग्लव्ह काढ."

काढला. पट्ट्या नव्हत्या. सूज दिसत होती, पण तिथे सुजतंच थोडंफार, मुठीने. सर म्हणाले, वळ. तिने मूठ वळली. घट्ट. सरांकडे बघत, पापणी न हलवता. मला तिच्या मानेची शीर दिसत होती.

"दुखतंय?"
"नाही सर. कुठे लागलंय?"

आजवर बाही घासली तरी हात वर करणारी मुलगी.

सर माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "तुझ्या मनात काय आहे ते अख्ख्या हॉलला माहीत आहे. ती जाऊ नये म्हणून इतकं खाली यायचं?" ती जाऊ नये असं वाटत नव्हतं का मला? त्या कड्याच्या दिवशी वाटलंच होतं.

एपी ठेव, म्हणाले. ठेवली. ग्लव्ह माझाच होता, घेऊन आलो.

३ नोव्हेंबर
त. आज गेली. मी वसई स्टेशनला, रिक्षा स्टँडच्या मागे, वडापाववाल्याच्या आडोशाला. सर होते, काका होते, कोपऱ्यावरच्या फुलवाल्या मावश्यांनी ओवाळलं. लांब बॅग तिने डाव्या खांद्यावर घेतली. कडं होतं. डाव्या हातात. उजव्यात चढत नसणार.

जिन्यावर चढताना एकदा मागे वळली. मला बघितलं की नाही, कळलं नाही.

६ नोव्हेंबर
काका गाळ्यात आले. कधी आले नव्हते. चपला बाहेर काढल्या, देवळात शिरल्यासारख्या. शेठने स्टूल दिलं. पिशवीतून चाफा काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, लोखंडाच्या किसावर.

"फोन आलेला तिचा. खेळ उद्या सकाळी. गटात दोन डावखुऱ्या आहेत म्हणे. तुला सांगायला सांगितलं, आता उजव्याने जेव म्हण त्याला."

मी हसलो बहुतेक. काका हसले नाहीत.

"जायच्या आदल्या दिवशी भाकरी डाव्या हाताने मोडत होती. मी विचारलं तर म्हणाली सवय करतेय. ती सवय तुझी होती ना रे, तिची नाही."

ग्राइंडर बंद केला होता तरी कानात चालूच.

"तुझ्या सरांना विचारलं. ते म्हणाले काही नाही. म्हणून तुझ्याकडे आलो. हात कसा सुजला तिचा?"

"ती आली की विचारा काका."
"तिला विचारून झालं. तुला विचारतोय."

सांगितलं. हॉल्टचं, कड्याचंही. जे सरांना नव्हतं सांगितलं तेही, का मारलं ते. एका दमात. त्यांच्याकडे न बघता.

मारतील असं वाटलं. मारावं असं वाटलं. ते बराच वेळ टेबलावरचा चाफा बोटाने किसातून बाजूला करत बसले. एकेक फूल फुंकून.

"उद्या तिचा खेळ होईपर्यंत," म्हणाले, "हे आणखी कुणाला बोलू नको. तिने लपवलंय तर लपू दे. नंतरचं नंतर."

"नंतर काय, काका?"

ते उठले. चपला घालताना तोल गेला, मी हात पुढे केला. तो धरला नाही त्यांनी. चौकट धरली.

७ नोव्हेंबर, सकाळ
गाळ्यात गेलो नाही. आई चहा ठेवून गेली. चाफा तिने देवासमोर ठेवलाय, किसाचे काळे डाग पडलेत त्यावर.

आता तिकडे सुरू झालं असेल. सॅल्यूट, मग मास्क. सॅल्यूटला मूठ हनुवटीपर्यंत वर न्यावी लागते, अंगठा वर करून. तेवढं तिला जमलं तर

काकांच्या शेजारच्यांकडे फोन आहे, निकाल तिथेच येईल. काका सरांना कळवणार, सर मला कळवणार नाहीत. म्हणजे काकांकडेच जावं लागेल. उमराळ्याची बस दुपारी सव्वाच्या सुमाराला असते.

पेन उजव्या हातात घेतलं आज, तिने सांगितलं म्हणून. अक्षर परक्यासारखं येतंय.