विडा, घोडी आणि दस्तगीरभाईंचा गूळ

निरवांगी, सोमवार

प्रिय युनूसमामूंना भाचा हारिसचा सलाम.

माझं आयुष्य कोणत्या क्षणी पालटलं, हे मला नेमकं सांगता येतं : मी सावळारामतात्यांचा विडा खाल्ला, त्या क्षणी. पण त्याआधी मामीचा गुडघा कसा आहे ते कळवा. दुकानाचं शटर अजून अडकतं का? (अडकत असेल तर लाथ खालून मारायची. बारामतीत राहून मी शिकलेलं हे एकच शास्त्र.) इकडं सगळे बरे आहेत. मला फक्त बसता येत नाही, म्हणून फळीवर कागद ठेवून उभ्यानं लिहितोय. फोनवरच बोललो असतो, पण तो घोडीच्या टापेखाली गेला.

तर काल इंदापुरात इतिहास महोत्सव झाला. जुन्या काळातला गढीचा वेढा मैदानावर करून दाखवायचा होता. गढी थर्माकोलची, तोफ पाण्याच्या पाइपाची, चिलखतं म्हणजे चंदेरी रंग मारलेली पोती. सरदार ज्ञानेश, कारण त्याला स्वतःची मिशी आहे. मला पहिल्याच हल्ल्यात मरायचं होतं. मरायला माझी ना नव्हती. पण सरदाराची घोडी होती आमच्याच गावच्या दस्तगीरभाईंची, म्हणजे वरातीची, आणि तिच्यासोबत आली होती त्यांची सुहाना. (सुहानाबद्दल मी तुम्हाला मागं सविस्तर सांगितलं होतं. तुम्हाला झोप लागली होती.) दस्तगीरभाई मला दारात उभं करत नाहीत. त्यांचं म्हणणं, हा पोरगा सगळं निम्म्यात सोडतो. कॉलेज सोडलं, गॅरेज सोडलं, उद्या माझी पोरगी सोडील. कॉलेजचं तुम्हाला ठाऊकच आहे. सर काहीतरी बोलले, मी वर्गाचं दार आपटलं, बिजागरी निखळली, आणि तिच्यासोबत मीही बाहेर पडलो.

मोहिमेआधी दरबारात तबकात विडा ठेवतात. जो उचलेल, मोहीम त्याची. तो उचलायचा ज्ञानेशनं. पण हा गडी मिशीला पीळ देत सुहानाकडं बघायला लागला, आणि बघतच राहिला. माझं डोकं फिरलं. मरणाऱ्यांच्या रांगेतून मी तरातरा पुढं गेलो, विडा उचलला आणि आता ठेवायचा कुठं ते न कळल्यामुळं खाल्ला. ज्ञानेश म्हणाला, दुसरा आणा. पण सावळारामतात्या महोत्सवाचे प्रमुख, रीतीला पक्के. ते माइकवरूनच म्हणाले, "उचललेला विडा माघारी येत न्हाय. आन ह्यानं तर गिळलाय." विडा तात्यांच्या रोजच्या तंबाखूचा होता, हे मला घोडीवर चढल्यावर कळलं.

हलगी वाजली. आता घोडीनं जन्मात लढाई पाहिलेली नाही. हलगी वाजली की नाचायचं, मांडव दिसला की दारात थांबायचं, आणि मुलीकडच्यानं गूळ भरवल्याशिवाय हलायचं नाही, एवढंच तिला शिकवलेलं. ती मला घेऊन दोन्ही सैन्यांमधून नाचत गेली, गढीला वळसा घातला आणि पाहुण्यांच्या मांडवापुढं, थेट दस्तगीरभाईंच्या खुर्चीसमोर, थांबली. मागं दोन्ही सैन्यं खाली बसली. काहींनी भेळ मागवली. तात्या माइकवर म्हणाले, "मुलीकडचं कुणी आसंल तर फुडं या. लढाई आडलीया."

दस्तगीरभाईंचा हात गुळासाठी खिशाकडं गेला आणि तसाच परत आला. गूळ दिला की ते मुलीकडचे! ते दात दाबून म्हणाले, "उतर आन जा निघून. तुझं न्हेमीचंच हाय त्ये."

मी उतरलो नाही. लोक हसत होते, ज्ञानेशनं पायीच जाऊन गढी घेतली, गढी त्याच्याच अंगावर पडली, तरी मी तलवार उगारून बसलेलो. शेवटी सुहानानं बापाच्या खिशातून गूळ काढला आणि सगळ्या तालुक्यासमोर घोडीला भरवला. घोडी फिरली, पुन्हा नाचत निघाली. मी त्या पडक्या थर्माकोलपर्यंत गेलो, तात्यांना मुजरा केला, मोहीम फत्ते झाल्याचं सांगितलं आणि मगच उतरलो. तोवर भेळवालासुद्धा हसून हसून खाली बसला होता.

संध्याकाळी घोडी बांधताना दस्तगीरभाई माझ्याकडं न बघता म्हणाले, "येवडी हसली मानसं, पर निम्म्यात सोडलं न्हाईस. शुक्रवारी नमाजानंतर घरच्यास्नी घिऊन ये. हो म्हनलो न्हाय अजून."

मामीला सलाम, धाकट्यांना पापा.

तुमचा,
हारिस

ता. क. : अब्बा सध्या माझ्याशी बोलत नाहीत. तेव्हा घरचे म्हणजे तुम्ही. शुक्रवारी शेरवानी घालून या. मामीला आणाच, ती सोबत असली की तुम्ही कमी बोलता.

आणखी एक : तिथं माझ्या चिकाटीचं फार कौतुक करू नका. माझा पाय रिकिबीत अडकला होता. मी उतरायला धडपडत होतो, लोकांना तो आवेश वाटला. गूळ भरवता भरवता सुहानानंच पाय सोडवला आणि हळूच म्हणाली, "आता मोकळा हाईस. आता उतरलास तर मला इसर." त्यापुढचं मात्र खरोखर माझं आहे. तेवढंच सांगा.

शेवटचं : रोज सकाळी घोडी फिरवायची अट दस्तगीरभाईंनी घातली आहे. तिची वेळ झाली, म्हणून या ओळी उंबऱ्याबाहेर उभा राहून लिहितोय. निघालो. दार लावलं, मामू. आपटलं नाही.