फाटकावरची ताटली

तळ्यांची चौकी,
२ मार्च १९८५

प्रिय नागनाथ,

मागच्या आठवड्यात तुझी विमल खटकचिंचोळीहून आली आणि नगरपालिकेतून थेट माझ्याकडे चौकीवर आली. डोळ्यांमुळे तुला लवकर घरी बसवलं, त्या जागी वारस म्हणून तिनं अर्ज केला होता. तो परत आला. तुझ्या कागदांत नऊ वर्षांपूर्वीचा शेरा आहे, 'निष्काळजीपणाने तळ्याचे फाटक उघडे ठेवले'. पोरगी रडली नाही. तळ्याकडे बघत म्हणाली, "काका, आमच्या अप्पानं उभ्या जन्मात कुठलं दार उघडं ठेवलं न्हाई." मी तिच्यासाठी चहा मागवला, दुसरं काय करणार. हे पत्र तीच तुला वाचून दाखवणार, म्हणून लिहायला आठ दिवस लागले.

इकडे सगळं तसंच आहे. गावचं सांडपाणी पहिल्या तळ्यात येतं, गाळ खाली बसतो, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. वीस-बावीस दिवस ऊन खाल्लं की निवळतं, मग फाटक उघडून नाल्याला सोडायचं. काम तेच, पण मी थकलोय रे. गुडघे कुरकुरतात, नाकाला तर वास कळायचाही बंद झाला. जूनमध्ये सुटेन. नव्या साहेबांनी पाणी तपासायला काचेच्या बाटल्या दिल्यात, त्या फडताळात पडून आहेत. तुझ्या जागी आलेला काशप्पा अजून तुझी पांढरी ताटलीच दोरीनं पाण्यात सोडतो. हातभर खाली दिसली तर पाणी तयार, नाही तर थांबायचं. तुझी रीत टिकून आहे.

ती ताटली मूळची कुठली, हा विषय आपण दोघांनी कधी काढला नाही. आमच्या रत्नम्मानं तुझ्यासाठी वेगळी ठेवलेली. तू ओट्यावर बसून जेवायचास आणि ती धुऊन वळचणीला पालथी घालायचास. बसवण्णांचं नाव घेणारं घर आमचं. आम्ही जात मानत नाही, असं चारचौघांत मीच मोठ्यानं सांगायचो. एक दिवस तू तिच्या काठाला भोक पाडलंस, दोरी ओवलीस आणि म्हणालास, "अण्णा, हिला आता कामाला लावायलोय." त्यानंतर तू आमच्याकडे जेवला नाहीस. मीही कारण विचारलं नाही. मला ते माहीत होतं.

तो शेरा पडला त्या साली चौदा एप्रिलला तू जयंतीला गेलास. रजा मीच दिली होती. दुपारी माझे मेहुणे, रत्नम्माचे भाऊ जगदेवप्पा आले, ऊस वाळायलाय म्हणाले, नाल्याला पाणी सोडा. तिसरं तळं वरून बरं दिसत होतं. ताटली खुंटीला होती. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. तुझं जेवणाचं ताट ते, नागनाथ, आणि माझा सकाळी पूजा केलेला हात. एवढ्यासाठी ताटली न सोडताच मी फाटकाचा पेच फिरवला. पाणी कच्चं होतं. चार दिवसांत, नाल्यात झिरे खणून पाणी भरणाऱ्या तुमच्या वस्तीत जुलाब सुरू झाले आणि सुभद्राबाई गेल्या. तुझी आई गेली. चौकशीत तूच म्हणालास, "माझ्याच हातनं पेच ढिला राहिला असंल, साहेब." मी तुझ्या शेजारी उभा होतो. तुला गटारं काढायला धाडलं, तेव्हाही मी गप्पच होतो.

पेच ढिला नव्हता. तू घट्ट बंद करूनच गेला होतास. तुझी आई तुझ्यामुळे गेली नाही, माझ्यामुळे गेली. काल हे सगळं माझ्या हातानं लिहून, सही करून नगरपालिकेत दिलं. माझं काय करायचं ते करोत, विमलचा अर्ज अडू नये. साहेबांचं बोलावणं येण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. गुरुवारी दुपारच्या गाडीनं येतोय. काशप्पाला दुसरी ताटली दिली, तुझी मी स्वतः घासून पिशवीत ठेवलीय. दारातून परत पाठवलंस तर जाईन. बसवून घेतलंस, तर मला तिच्यातच वाढ. भोक काठाला आहे, भाजी-भाकरी राहील.

तू म्हणशील तर तुझाच,
ईरण्णा