लाल शाईतला शब्द

आरमोरी, २६ जुलै २००९

सौ. धुरपतास आशीर्वाद.

आधी गंभीर तक्रार. तू पाठवलेल्या चष्म्याच्या डबीचं झाकण लागत नाही. बाकी तब्येत ठीक. इकडे धानाची रोवणी सुरू आहे.

पुरुषा-पुरुषांचे संबंध गुन्हा नाहीत असा दिल्लीच्या कोर्टाचा निकाल आल्यापासून फारूकभाईंच्या छापखान्यात सगळ्यांची पत्रकं आली. मशिदीचं म्हणतं 'गुनाह', चर्चचं 'मोह', आपल्या सत्संगाचं 'वेगळी आवड'. प्रुफं नेहमीसारखी माझ्याकडे. मला 'आवड' मिळमिळीत वाटली. ती खोडून मी लाल शाईने 'विकृती' लिहिलं.

"सर, पहिलाच शब्द बरा व्हता, काऊन बदलून राह्यले?" फारूकभाई म्हणाले. मी त्यांना व्युत्पत्ती ऐकवली.

मग सवयीने ते तपासलेलं प्रूफ तुला धाडलं. ते लोकेशच्या हाती पडलं, हे तुझ्या पत्रावरून कळलं. दिवाळीत त्याने आपल्या दोघांना, आईबापांना, त्याला पुरुषच आवडतात हे सगळं सांगितलं होतं. तरी माझा हात थांबला नाही, याची फार लाज वाटते.

तो जेवतो का? माझं नाव निघालं की उठून जातो का?

शनिवारी येतो. तो माझ्याशी बोलेल की नाही, याचीच भीती वाटते.

तुझा,
वामन